मागचं डावं चाक

टायरच्या त्या दुकानात नवा माणूस गाडी घेऊन आला की आधी मालकाची चौकशी करायचा. पुरुषी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून घेतलेली एक चाळिशीची बाई पुढे येऊन "मीच" एवढंच म्हणायची आणि चाकाशी वाकायची. ड्रायव्हर लोक तिला वहिनी म्हणत. दुकान तिच्या नवऱ्याचं, आणि नवऱ्याला सगळा रस्ता उस्ताद म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी याच दुकानासमोर, भरदुपारी, एका पिकअपखाली सापडून तो गेला.

गाडीचं मागचं डावं चाक काढलेलं होतं आणि गाडी नुसत्या जॅकवर उभी होती. एक नट घरंगळत आत गेला म्हणून उस्तादने पाठीवर निजून खांदे आत घातले. तेवढ्यात गाडी वीतभर पुढे सरकली आणि जॅक आडवा झाला. शेजारच्या लोकांनी धावत येऊन गाडी उचलली, पण तोवर सगळं आटोपलं होतं.

त्याआधी वहिनीने त्याला जेवायला बोलवायला दोनदा फोन केला होता. दुसऱ्या फोनवर तो म्हणाला होता, "आलोच, एवढं चाक चढवतो." हे तिने रडता रडता स्वतःच सासूबाईंना सांगितलं, आणि तेच तिला भोवलं. महिनाभराने सासूबाई एकदाच बोलल्या. "दोन घास उशिरा खाल्ले असते तर काय बिघडलं असतं?" मूलबाळ नव्हतं, घरात दोघीच. त्या दिवसापासून बोलणं उरलं ते कामापुरतं. दार लाव, औषध संपलंय, नळ आलाय.

वहिनी हत्यारं विकायला म्हणून दुकानात गेली आणि तिथेच बसून राहिली. घरी त्या दोन डोळ्यांसमोर दिवस काढण्यापेक्षा इथे बरं वाटलं. शेजारच्या गॅरेजवाल्याने तिला काम शिकवलं. पुढे तिची सावधगिरी बघून तोच कपाळाला हात लावायचा. "वहिनी, तुमची तपासणी होईपर्यंत चाकाला मुळं फुटतील."

"फुटू देत," ती म्हणायची.

एक दिवस सकाळी एक पिकअप दुकानासमोर येऊन थांबली. मागच्या फळीला खोलगट पोचा होता. वहिनीने तो लगेच ओळखला; उस्ताद याच गाडीखाली गेला होता. ड्रायव्हर खाली उतरला. तेव्हा त्याचे केस काळे होते, आता कानशिलांवर पांढरे झालेले.

"चारही चाकं बदलायचीत," तो खाली बघत म्हणाला.

तिला त्याला हाकलून देता आलं असतं. पण तिने फरशीकडे बोट दाखवलं. "तिथे सपाटीवर घे. माल आहे का आत?"

"रिकामी आहे."

"गिअर टाक. हँडब्रेक ओढ."

"ओढलाय," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला. वहिनी स्वतः केबिनमध्ये चढली. दांडा ओढून पाहिला, मग मागे जाऊन खांद्याने गाडी ढकलून पाहिली. हलली नाही. तरीही तिने पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे ठोकले, कारण हँडब्रेक मागच्याच चाकांना धरतो, आणि ती दोन्ही उचलली की त्याचा काही उपयोग नसतो. चाकं जमिनीवर असतानाच नट सैल केले. फळी टाकून तिच्यावर जॅक ठेवला, मागची बाजू उचलली, आणि दोन्हीकडे चासीखाली लोखंडी घोड्या सरकवल्या, म्हणजे जॅक निसटला तरी गाडी त्यांच्यावर पेलली जाते. जॅक हळूहळू सोडला. गाडी तिपाईवर बसावी तशी त्या घोड्यांवर बसली. तिने धक्का दिला, पुन्हा दिला, मगच चाकं ओढून काढली.

मागची नवी चाकं चढवून गाडी खाली घेतली, ठोकळे मागे लावले, आणि पुढची बाजू तशीच घोड्यांवर चढवली. पुढची चाकं निघाली तेव्हा तो बोलला.

"त्या दिवशीही उस्तादांनी मला विचारलं होतं, हँडब्रेक ओढलाय का म्हणून."

वहिनी नट गोळा करत होती. तिने मान वर केली नाही.

"हँडब्रेकची तार महिनाभर ढिली होती. दांडा वर यायचा, पण धरायचं काहीच नाही. मला ठाऊक होतं. ओढलाय, म्हणालो. खोटं नव्हतं बोललो, पण..."

वहिनीने हातातले नट खाली ठेवले. ती भिंतीला टेकून बसली. या माणसाला मारावं, असं तिला वाटलं. मग काहीच वाटेना. बऱ्याच वेळाने ती उठली.

"घरी चल. हे आईंना सांग."

"वहिनी, ते मला जमायचं नाही."

"तुझी पुढची चाकं मी अजून चढवलेली नाहीत," ती म्हणाली, आणि शटर अर्ध्यावर ओढून चालू लागली. तो मागोमाग गेला.

सासूबाई खिडकीशी बसून अभ्र्याला टाके घालत होत्या. ड्रायव्हरने दारातच उभं राहून सगळं सांगितलं. त्यांची सुई थांबली. त्याच्याकडे न बघता त्यांनी सुनेला विचारलं, "माझ्या पोराने घोड्या लावल्या होत्या?"

नाही म्हटलं तर मेलेल्या माणसाला बोल लागणार होता. हो म्हटलं असतं तर कोण तपासायला येणार होतं?

"नाही," वहिनी म्हणाली. "हाताशीच पडल्या होत्या. ठोकळेही नव्हते लावले."

"का?"

"घाईत होता. मी फोन केला होता."

सासूबाईंनी दोरा तोडून सुई बाजूला ठेवली. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "तू जा आता. परत या दारात येऊ नकोस." तो वळल्यावर त्यांनी अभ्रा तोंडाला लावला. वहिनी जवळ गेली, पण त्यांनी हाताने तिला दूरच थांबवलं. रागाने नव्हे. कुणी जवळ यायला नको होतं, एवढंच.

दुकानात परतून वहिनीने चाकं चढवली. नट समोरासमोरचे आवळत गेली. आपण नेमके किती आवळले याचा तिला भरवसा वाटेना, म्हणून सगळे पहिल्यापासून पुन्हा आवळले. गाडी खाली घेतली, ठोकळे काढले. तो गाडी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी वहिनी निघाली तेव्हा सासूबाई चपला घालून दारात उभ्या होत्या. दोन वर्षांत त्या एकदाही दुकानाकडे फिरकल्या नव्हत्या. पोचल्यावर त्यांनी विचारलं, "कुठे?"

वहिनीने फरशीचा तो तुकडा दाखवला. सासूबाई तिथे उभ्या राहिल्या. काही दिसण्यासारखं नव्हतंच, तेलाचे डाग तेवढे होते. तेवढ्यात एक गाडी हॉर्न वाजवत आत वळली. सुनेने त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाजूला घेतलं. या वेळी त्यांनी तिला दूर सारलं नाही.