करवती काठाचा लाल

आमच्या विणकरांच्या घरात रंगाचा निवाडा मागावर बसणाऱ्याचा. व्यवहार मी बघतो, पण सूत पसंत की नापसंत हे बायको सांगणार आणि मी ते रंगाऱ्याला कळवणार. त्यामुळे कोशाच्या रेशमी साडीच्या करवती, दातेरी काठासाठी आलेला लाल तिला पटला नाही, तेव्हा मी सुताच्या लडी परत नेल्या.

"लाल मागितला तं माती पाठवून राहिला काय तो? डोये गेले काय त्याचे?" ती म्हणाली.

पुन्हा रंगवून आलेल्या लडीही तिनं परत पाठवल्या. मग रंगारी स्वतः घरी आला. तिनंच पूर्वी विणलेली साडी त्यानं काढायला लावली, काठाशेजारी नवी लडी ठेवली. "वहिनी, फरक दाखवा मले."

मला दोन्ही लाल सारखेच दिसत होते. ती वाकून बघत राहिली. "साडीही मातकटच झाली. काहून?"

 रंगारी लडी तिथंच ठेवून गेला.

तिचं क्षयाचं औषध सुरू होतं. खोकला गेला होता, वजन वाढत होतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. मी तिला भंडाऱ्याला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायला दिले. तिला ते ओळखता आले नाहीत. तक्त्यावरचं सर्वांत वरचं, साठ मीटरवरून दिसावं असं अक्षर तेवढं सहा मीटरवरून दिसलं. सहा बाय साठ. डोळे चांगले आहेत, डॉक्टर म्हणाले. डोळ्यांमागच्या नसा खराब होताहेत, क्षयाच्या एका गोळीनं क्वचित असं होतं. चष्म्याचा उपयोग नाही. ती गोळी बंद झाली.

"किती टक्के परत येईल?" मी विचारलं. काही महिने वाट बघू, ते म्हणाले.

परतताना कारध्याच्या पुलावर तिनं विचारलं, "नदीले पानी आहे काय?" नदी दुथडी भरून वाहत होती.

क्षय बरा झाला. दिवाळी गेली, उन्हाळा गेला. तक्ता तोच, सहा बाय साठ. आता यापुढे सुधारणा होईल असं वाटत नाही, असं डॉक्टरांनी शेवटी स्पष्ट सांगितलं.

मागावर अर्धी साडी तशीच होती.

"सादं कापड विणून पाह्य," मी म्हणालो.

"तुटलेला धागा दिसत नाही मले. सादं तरी कसं विणू? कापा तो ताणा."

"राहू दे ना आणखी."

"कायले? उंदरायसाठी?"

मी कात्री घेतली. ती समोरच बसली होती. ताण्याचे अर्धे उभे धागे कापून झाले, तेव्हा तिनं विचारलं, "सुरू केलं काय?"