आत्याबाईंचा तळहात

माझ्या वेलांट्या चुकतात, अक्षरही वाकडं येतं, ते माफ असावं. शाळा चौथीपर्यंतच झाली. तरी आत्याबाईंचं लिहून ठेवते.

आम्ही गावातल्या बाया एका जीपने नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात जायचो. आत्याबाई सगळ्यांत वडील. गाडीत चढायच्या आधी त्या ड्रायव्हरच्या खिडकीशी जायच्या, त्याच्या तोंडापुढे तळहात धरायच्या आणि म्हणायच्या, "फुंका, जवाईबापू." मग तळहात हुंगायच्या. ड्रायव्हर आमच्या गावचाच जावई. "सासूनं बी एवढं तपासलं नाई," म्हणून हसायचा आणि फुंकर मारायचा.

आत्याबाईंचे यजमान पिऊन मोटारसायकल चालवताना गेले होते. "त्याचा बाप बजारातून पिऊन बंडीत झोपे, बैलं घरी आनत," त्या सांगायच्या. "त्यालेबी वाटे, रस्ता ओळखीचा हाय. बैलाले घर माहीत असते बाई, गाडीले नसते."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे घरोघरी मटण आणि दारू. त्या संध्याकाळी जावई आम्हाला कारखान्यातून घरी न्यायला आला तो बडीशेप चघळत. आम्ही दमून पटापट बसलो. आत्याबाईंनी तळहात हुंगला.

"उतरा सगळ्या."

"थोडीशीच घेतली, आत्याबाई. रोजचाच रस्ता हाय."

"जवाईमानसाचा असा पानउतारा करते काय?" मागून कोणी तरी कुजबुजलं. कोणी हललं नाही. मी पुढच्या सीटवर, पोटात सहावा महिना. त्याने गाडी सुरू केली.

आत्याबाई बोनेटपुढे जाऊन उभ्या राहिल्या. गाडी पुढे सरकली. बंपर त्यांच्या लुगड्याला टेकला. त्या काचेतून माझ्याकडे पाहत राहिल्या. मी दार उघडून उतरले. मग मागच्या एकेक उतरल्या. त्याने रिकाम्या गाडीचं इंजिन बंद केलं आणि किल्ली आत्याबाईंच्या हातावर आपटली.

एसटीत मी म्हटलं, "जवाई रुसतील आता."

"रुसू दे. रुसाले जित्ता त राहीन."

गेल्या हिवाळ्यात आत्याबाई तापाने गेल्या. त्यानंतर पहिल्यांदा कामावर निघालो, तेव्हा सगळ्या सरळ गाडीत चढलो. जावयाने किल्ली फिरवलीच नाही. खिडकीतून मान बाहेर काढून बसून राहिला.

"आज कोनाचा हात?" तो म्हणाला.

मी खाली उतरले आणि तळहात पुढे धरला.