बूट काढून आलेला खुनी

माझी सून उल्का पाच वर्षं एका बाईचा खून करत होती आणि तो काही केल्या पुरा होत नव्हता.

तसं तिच्या हातून झुरळ मरत नाही, त्याला मी लागते. खून कादंबरीतला. मिनेसोटाचं रान, गोठलेल्या तळ्याकाठी लाकडाची एकच खोली, तिथे लांडग्यांचा अभ्यास करणारी बाई आणि तिला मारायला आलेला जंगलखात्यातला कार्ल. राजेशनं, म्हणजे माझ्या मुलानं, एका उन्हाळ्यात सगळ्यांना दोन दिवस त्या रानात नेलं होतं. बाकीचे डास चावून घेऊन परतले, ही गोष्ट घेऊन परतली.

नेपरव्हिलहून पावणेसातच्या गाडीनं ती शिकागोला जाते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. आधी सहाजणी होत्या, आता दोघी उरल्यात आणि चुका तेवढ्याच आहेत. कादंबरी गाडीत लिहायची, मांडीवर वही ठेवून. पेन हातात असतानाच डोळा लागला की ओळ घसरत घसरत पानाच्या तळाला जाते. अशी पानं मी पुष्कळ पाहिलीत.

पुण्याच्या एका म्हाताऱ्या प्रकाशकांनी गोष्ट फोनवर ऐकून घेतली होती. पाडव्याच्या आत पूर्ण कादंबरी कागदावर पाठवा, म्हणाले. पाडव्यानंतर धंदा पुतण्याकडे जाणार होता, आणि पुतण्याला शाळेची गाइडं सोडून काही छापायचं नव्हतं. माझं परतीचं तिकीट त्याच्या आठवडाभर आधीचं, २००८च्या मार्चअखेरचं. तेव्हा कादंबरी माझ्या बॅगेतून जाणार हे ठरलं. चॉकलेटं आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या यांच्यामध्ये मी वीतभर जागा राखून ठेवली.

ती एकदाची लिहून झाली, पण पाठवण्याआधी कुणीतरी वाचायला हवी होती. राजेशला सवड नाही, नातीला, नेत्राला, मराठी वाचता येत नाही. उरले मी, चौथी पास, ओळीवर बोट ठेवून वाचणारी. सतरा दिवस लागले.

शनिवारी दुपारी ती ड्रायरमधले कपडे घड्या करत होती, तेव्हा मी माझं मत सांगितलं.

"खून झकास केलायस. आणि कार्ल खुनी असला तरी माणसाला वळण आहे हो. एवढ्या बर्फात बूट बाहेर काढून मग आत शिरतो."

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "काय म्हणालात, आई?"

मी कौतुक पुन्हा सांगितलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"खून करायला आलेला माणूस बूट कशाला काढेल?"

"जमीन सारवलेली असेल," स्वयंपाकघरातून राजेश म्हणाला.

ती हसली नाही. दाराबाहेरचे ते बूट बघूनच शेरीफ खुन्याला ओळखतो, पुढची आठ प्रकरणं त्या बुटांवर उभी आहेत, असं तिनं मला समजावलं. दिवसभर लोकांच्या चुका काढते आणि ही पाच वर्षांत दिसली नाही, म्हणाली. दिसणार कशी? आमच्या दारात हिवाळाभर बुटांचा ढीग असतो. घर गरम ठेवणारी भट्टी दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही तिनं बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायला लावल्या होत्या.

राजेश म्हणाला, आहे तशी पाठव, प्रकाशकही चपला बाहेर काढणारेच, त्यांना काय कळतंय. टॉवेलची घडी वाकडी झाली, ती उल्कानं पुन्हा उलगडली.

मला वाईट वाटलं. न बोलते तर वही बिनबोभाट गेली असती. म्हणून मी म्हटलं, "मग तो कार्ल नसेलच. आपल्यातलाच कुणीतरी असेल. हातात सुरा, डोक्यात खून, पण पायांना सवय असते ना."

हातातला टॉवेल तिनं बाजूला टाकला. मला वाटलं, चिडली.

"म्हणजे पहिल्या पानापासून," ती म्हणाली, आणि भिंतीला डोकं टेकून बसल्या जागी झोपली. उरलेले कपडे मी आवरले.

माझ्या निघण्याला तेरा दिवस उरले होते. सोमवारी ती नवी वही घेऊन गाडीत बसली. निघायच्या दिवशी तिनं माझ्या हातात बावीस पानं ठेवली. राखलेल्या जागेत ती इकडून तिकडे घसरायला लागली, म्हणून वर शालीची घडी दाबली.

"बाकीचं पाडव्याच्या आत नाही व्हायचं गं," मी म्हटलं.

"ठाऊक आहे मला. पण ही त्यांना वाचू द्या. आणि सांगा, खुनी अजून वाटेत आहे."

दारात ती खाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या बांधायला लागली. साडीवर बूट घातले की मला वाकवत नाही. राजेश गाडी गरम करत होता. एक नाडी बांधून ती थांबली.

"आई, लहानपणी राजेश बूट घालून घरात शिरला, की तुम्ही काय म्हणायचात?"

तीस वर्षं जे म्हटलं ते मी सांगितलं. खालून तिनं ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं, सावकाश, आणि नव्या खुन्यासाठी म्हणून माझ्या तिकिटाच्या पाकिटावर लिहून घेतलं. पाकीट तिनं ठेवून घेतलं. दुसरी नाडी मग विमानतळावर एका अनोळखी मुलीनं बांधली.