अळणी पिठलं

मंचरच्या शरीरसौष्ठव स्पर्धेआधी मी आठवडाभर मीठ सोडलं. मिठानं कातडीखाली पाणी साचतं, मग स्टेजवर स्नायूंच्या रेघा उठून दिसत नाहीत. घरातला पहिला पदवीधर मी. आईला हे नीट समजावून सांगितलं. वडील म्हणाले, "कॉलेज शिकून गडी आजाऱ्यागत जेवाया लागला, राव!" आई हसली नाही.

दुसरा नंबर आला. स्टेजवरून उतरताच दोस्तांनी मला कळंबला मिसळ खायला नेलं. रात्री तिथंच राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी निमगावला घरी पोचलो, तेव्हा आई जेवत होती. तिच्या ताटातला घास घेतला. पिठलं अळणी!

"मीठ विसरलीस व्हय?"

"तू सोडलंस, म्हून मीबी सोडलं. आता घालू का?"

आठवडाभर ती माझ्यामागून जेवायची. तिच्या ताटात मी कधी पाहिलंच नव्हतं.

तिनं पिठल्यावर मीठ भुरभुरलं आणि ताट माझ्याकडं सरकवलं. "पयला घास तुझा. मग मी."

मी मान खाली घालून खाल्ला.

"लई ग्वाड लागलं आसंल ना, इतक्या दिसांनी?"

"लई," मी म्हणालो.

मग तिनं घास घेतला.