गाडीच्या पुढे

आता काय सांगू तुम्हाला, भुतांवर माझा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. तर्कशास्त्रात एम. ए. झालेला माणूस मी! पण ती सकाळ आठवली की अजून मागे वळून पाहतो. हे पाहा, आत्ताही पाहिलं.

इंग्रजांच्या काळातली गोष्ट. सुरतेच्या एका कॉलेजात मला मुलाखतीला बोलावलं होतं. नोकरीची तेवढी एकच आशा उरलेली. नवापूरजवळच्या खेड्यात बहिणीकडे उतरलो होतो; पहाटे निघून नवापूरला गाडी पकडायची. गाडीवाट लांबची, म्हणून सगळं गाव रुळांवरूनच स्टेशनात जाई. मनाई होती. गाव तरी जाई.

निघताना दाजी म्हणाले, "मास्तर, पूलवर जपीसन जा. तठे एक बाई चालस म्हनतस."

"कसली बाई?"

"देखाले कोन थांबनं?"

थंडीचे दिवस. धुकं इतकं, की स्वतःचे बूट दिसेनात. पूल आला. लाकडी स्लीपरांच्या फटींतून खाली काळं पाणी. मी मोठ्यानं खोकलो, उगीच, धीर यावा म्हणून.

मागून कुणीतरी खोकलं.

प्रतिध्वनी असेल. असणारच! पूल संपला, खडी लागली. मी चाललो की मागे खडी करकरे. मी थांबलो की थांबे. आणि त्यात एक बारीक आवाज... छुम. छुम. पैंजण!

तर्कशास्त्र? ते पुलावरच राहिलं. मी पळालो. आणि काय सांगू, मागचे पायही पळू लागले! एक नाही, दोन नाही, ढीगभर! जितका मी जोरात, तितके ते जोरात. एवढ्यात खऱ्याखुऱ्या गाडीची शिट्टी झाली, अगदी पाठीशी. मी बाजूच्या चारीत उडी टाकली. धप, धप, धप! माझ्यामागून सगळी भुतं चारीत. वरून गाडी धडधडत निघून गेली.

एक म्हातारा चिखल झटकत म्हणाला, "साहेब, काय व्हयनं?"

"तुम्ही कोण?" मी चिखलात टोपी चाचपत विचारलं.

"आम्ही गावनाच. गाडीले चालनूत. कोट-टोपीवाला साहेब रुळवर चालस म्हंजे गाडीना टायम त्याले ठाऊक, आसं समजनूत."

"मग पळालात का?"

"तुम्ही पयनात म्हनीसन!"

"अहो, मग एक हाक मारायची!"

त्याची म्हातारी माझ्यावरच डाफरली, "कामले चालेल मानूसले मांगून हाक मारतस का? अपशकुन व्हस!" मग तिनं रुळांकडे पाहिलं. "ओ माय! गाडी तं गयी!"

मी हळूच सगळ्यांचे पाय पाहिले. पैंजण कुणाच्याच पायात नव्हते. माझ्या खिशात ट्रंकेच्या किल्ल्या होत्या, त्याच वाजल्या असतील. असतील ना?

दुसऱ्या दिवशी गाडीवाटेनं स्टेशनात जाऊन गाडी पकडली आणि सुरत गाठली. प्राचार्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काल का नाही आलात?"

"गाडी चुकली, सर."

"स्टेशनात उशिरा पोचलात?"

खोटं बोलायची सवय नाही हो मला. म्हणालो, "नाही सर, मी गाडीच्या पुढे होतो."

तर्कशास्त्राची ती जागा मग दुसऱ्या कुणाला दिली.