लोणारच्या देवळातलं छत

रविवारी सकाळच्या एसटीने लोणारला गेलो होतो, कॅमेरा घेऊन. सरोवराच्या काठच्या झाडीतल्या एका पडक्या देवळात शिरलो... आणि तिथेच अडकलो.

दारात डोळे दिपतील असं ऊन, आत मिट्ट काळोख. दाराचं एक्सपोजर धरलं की आतलं सगळं काळं, आतलं धरलं की दार पांढरंफटक. शेवटी दाराचा नाद सोडला. रुमालाच्या घडीवर कॅमेरा उताणा ठेवला, छताकडे तोंड करून. शटर पंधरा सेकंद उघडं ठेवायचं ठरवलं...

तेवढ्यात पिंपळगाव राजा गावचे एक काका-काकू आले. काकूंचा हात काकांच्या खांद्यावर. काका हळूच म्हणाले, हिला कमी उजेडात पहिल्यापासून दिसत नाही, आता दिवसाचंही कमी होत चाललंय. दरवर्षी दोघं इथे येतात आणि छतावर काय कोरलंय ते काका सांगतात.

मी त्यांना थोडा वेळ हलू नका म्हटलं. बटण दाबलं आणि तिघंही जागच्या जागी थांबलो. लांब कुठेतरी मोर ओरडला, मग तोही थांबला... ते पंधरा सेकंद फार लांब वाटले.

स्क्रीनवर छत उमटलं. पाकळ्यांची वर्तुळं, वर्तुळात वर्तुळं. ब्राइटनेस पूर्ण वाढवून कॅमेरा काकूंच्या हातात दिला. त्यांनी तो अगदी डोळ्यांजवळ नेला.

मग म्हणाल्या, "तुमी तं नाचणाऱ्या बाया सांगत होते. इथं तं कमळ हाय."

काकांनी मान खाली घातली. "मलेबी कुठं दिसत होतं वं एवढ्या अंधारात... मनानंच सांगत होतो."

मला वाटलं, आता काकूंना वाईट वाटणार.

"मले माहीत होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "दरसाली बाया कमीजास्त होत होत्या."

मग त्या काकांना एकेक पाकळी सांगू लागल्या. काकांना स्क्रीन चांगली दिसत होती, तरी ते बाहेर झाडांकडे बघत नुसतं "हाव... हाव" म्हणत राहिले.

फोटोत अंधारामुळे थोडा ग्रेन, म्हणजे बारीक ठिपके, आलाय. घरी येऊन दुरुस्त करायला बसलो, पण हात धजला नाही... निघताना काकांनी त्यांच्या लेकीचा नंबर दिला होता, त्यावर तसाच पाठवून दिला. त्या सकाळी मी तिथे होतो, एवढंच फार वाटतंय.