दुसरी पसंती

समोरच्या खांबावर माझा प्रचाराचा फोटो लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैठकीच्या खोलीचा पडदा उघडलाच नाही. फोटो आम्हीच लावला होता. नवरा शिडीवर आणि मी खाली शिडी धरून. प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळताना तो म्हणाला होता, "सरळ आहे का बघ." मी न बघताच "हो" म्हटलं होतं. आपलाच एवढा मोठा चेहरा आपल्याच दारासमोर लटकलेला मला बघवत नव्हता.

आम्ही डब्लिनच्या पश्चिमेला ल्यूकनमध्ये राहतो. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी पुण्याहून इकडे आले, त्याच्या व्हिसावर अवलंबून. पहिली काही वर्षं मला काम करायची परवानगीच नव्हती. ती मिळाल्यावर मी घरीच मुलं सांभाळायला लागले. वसाहतीतल्या आया सकाळी कामावर जाताना मुलं सोडून जायच्या आणि संध्याकाळी घेऊन जायच्या. राजकारणाशी माझा संबंध बातम्या बघण्यापुरता होता.

मग आमचा बस थांबा हलला. नव्या मार्गांत तो मोठ्या रस्त्याच्या पलीकडे गेला आणि तिथे ना सिग्नल होता, ना पट्टे. एका दुपारी मी दोन मुलांना घेऊन फुटपाथवर उभी होते. शेजारची बाई पलीकडून बसमधून उतरून रस्ता ओलांडत होती. सत्तरीची निवृत्त नर्स, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि पाऊल टाकलं. वळणावरून आलेली गाडी तिला दिसली नाही. आवाज मोठा झाला नाही. मला आठवतं ते एवढंच, की ती खाली पडली आणि मी मुलांची तोंडं माझ्या कोटात दाबून धरली.

तिचं खुब्याचं हाड मोडलं. ती वाचली, पण त्यानंतर काठीशिवाय चालली नाही.

चर्चच्या सभागृहात रहिवाशांची बैठक झाली तेव्हा दोन नगरसेवक आले होते. त्यांनी मान डोलावली, "नोंद घेतली" म्हणाले. का कोण जाणे, मी उठून उभी राहिले. काय झालं ते सगळं सांगितलं. गाडी कुठून आली, वळणावरचं झुडूप किती वाढलंय, शाळा सुटल्यावर तिथून किती मुलं जातात. घरी येताना शेजारीण काठी टेकत माझ्याबरोबर चालत होती. ती म्हणाली, "पुढच्या निवडणुकीला तू उभी राहा."

मी हसले. "मी? मी तर इथली नागरिकसुद्धा नाही."

"नगरपालिकेसाठी नागरिक असावं लागत नाही. इथे राहतेस ना? मग मत देता येतं आणि उभंही राहता येतं."

मला हे माहीतच नव्हतं. घरी येऊन शोधलं तर ती बरोबर होती.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो भांडी पुसत होता. थांबला. "अगं, आपला नागरिकत्वाचा अर्ज आत आहे. कशाला नजरेत यायचं?"

"उभं राहणं गुन्हा आहे का?"

"गुन्हा नाही. पण गेल्या वर्षी शहरात बाहेरून आलेल्यांविरुद्ध दंगल झाली ती विसरलीस का? आमच्या ऑफिसातल्या मुलाला बसमध्ये कसं बोलले ते? आपण इथे शांतपणे राहतोय. तेवढं राहू दे ना."

त्याचं चुकत नव्हतं. तेच मला त्रास देत होतं. तो म्हणत होता ते सगळं माझ्याही मनात होतं आणि तरी मी उमेदवारीचा अर्ज भरला. फोटो लावायची वेळ आली तेव्हा मात्र शिडी त्यानेच आणली.

आमची मुलगी पंधरा वर्षांची. ती इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. "आई, प्लीज," ती म्हणाली, "नॉट आउटसाइड माय स्कूल." मी कबूल केलं, शाळेबाहेर फोटो लावणार नाही. त्याच सुमारास सासूबाई अमरावतीहून आल्या होत्या. त्यांना एवढंच कळलं, की सून नगरसेवक होणार आहे. त्यांनी फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं. मी म्हटलं, "अहो आई, अजून निवडणूक व्हायची आहे." त्या म्हणाल्या, "हाव, मले मालूम हाये. पन तू उभी तं हायेस ना?"

दारोदार जायची मला सगळ्यात जास्त भीती होती. बेल वाजवली की दाराच्या धुरकट काचेमागे एक आकृती हलताना दिसते. ती जवळ येत जाते. दार उघडेपर्यंतच्या त्या थोड्या वेळात मी पहिलं वाक्य मनात पुन्हा म्हणून घ्यायचे. बहुतेक लोक चांगले होते. "ग्रँड, लव्ह, आय'ल हॅव अ लुक," म्हणून कागद घ्यायचे. काही जण मला पावसात उभी बघून आत बोलवायचे. आपल्या मराठी घरांत मात्र वेगळीच अडचण. तिथे चहा मिळायचा, कौतुक व्हायचं, आणि मग कळायचं की मतदार यादीत नावच घातलेलं नाही. "आपल्याला इथे मत असतं?" असं मला नागपूरच्या एका इंजिनिअरने विचारलं. मीही काही महिन्यांपूर्वी तेच विचारलं होतं, त्यामुळे मला रागावता येईना.

एका संध्याकाळी मी एकटीच गेले होते. एका माणसाने दार उघडलं, माझ्या हातातला कागद पाहिला आणि घेतला नाही. आवाज चढवला नाही. म्हणाला, "तुझ्याविरुद्ध माझं काही नाही. पण माझी मुलगी नवरा आणि मुलांसकट माझ्या वरच्या खोलीत राहते. त्यांना घर मिळत नाही. तू माझं प्रतिनिधित्व कसं करणार, सांग."

मी सिग्नलबद्दल बोलणार होते. ते सगळं पाठ होतं. पण त्याच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही. पण मी ऐकते आहे."

मग "गुड नाईट" म्हणून त्याने दार लावलं. पुढच्या घराची बेल मी वाजवली नाही. गाडीत येऊन बसले, दारं आतून लॉक केली आणि उरलेले कागद मागच्या सीटवर टाकले.

मग एक दिवस मुलगी शाळेतून आली आणि दप्तर न काढता जिन्यावर बसली. मी विचारलं, "काय झालं?" तिने फोन पुढे केला. बस थांब्याजवळच्या खांबावरचा माझा फोटो. डोळे चाकूने कोरून काढलेले. खाली काळ्या रंगात लिहिलेलं, घरी जा. त्याचा फोटो तिच्या वर्गातल्या कोणीतरी काढून सगळ्यांना पाठवला होता.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "काहून गं? कोनं केलं असं?" मग त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्वतःच रडायला लागल्या. मुलगी उठली, त्यांना धरून बसली आणि मला म्हणाली, "डोन्ट स्टॉप. इफ यू स्टॉप नाऊ, आय'ल बी रेजिंग." आता थांबलीस तर मी भडकेन, असं. मला तिच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. तिच्या बोलण्याने धीर आला असं लिहायला मला आवडलं असतं. खरं तर भीती वाढली. आता माघार घ्यायचीही सोय राहिली नव्हती.

नवरा जाऊन खांबावरचा तो फोटो उतरवून आला. आम्ही पोलिसांना कळवलं. त्या खांबावर दुसरा लावला नाही. त्यानंतर मतदानापर्यंत रोज शाळा सुटल्यावर नवरा मुलीला शाळेच्या दारातून घेऊन यायचा, आणि तिनेही हरकत घेतली नाही.

इथलं मतदान आपल्यासारखं एकाच उमेदवारापुढे खूण करायचं नसतं. आपल्याकडे विधान परिषदेला आमदार जसे पसंतीक्रमाने मत देतात, तसं इथे रस्त्यावरचा प्रत्येक माणूस देतो. ज्याला सगळ्यात आधी निवडायचं त्याच्यापुढे एक, मग दोन, मग तीन. एका प्रभागातून अनेक जण निवडायचे असतात, आणि मतांचा ठरलेला कोटा गाठला की माणूस निवडून येतो. सर्वांत कमी मतं असलेला बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवर पुढची पसंती कोणाला आहे ते बघून त्या दुसऱ्यांकडे जातात. अशा फेऱ्यांमागून फेऱ्या.

मतमोजणी एका मोठ्या हॉलमध्ये होती. मध्ये लांबच लांब टेबलं, भोवती कठडे, आणि कठड्यांवर ओणवे झालेले पक्षांचे लोक मतांचा अंदाज घ्यायला पेन्सिलीने कागदावर खुणा करत होते. पेट्या टेबलांवर रिकाम्या झाल्या. मतपत्रिकांवर उमेदवारांचे फोटो असतात. कर्मचारी एकेक उलगडून सरळ करत होते आणि मला माझाच चेहरा सतत दिसत होता. कधी त्यापुढे रिकामा चौकोन. कधी एक.

मी पहिल्याच फेरीत बाद होईन असं मला वाटलं होतं. झाले नाही. दुसरीत नाही, तिसरीत नाही. पहिला दिवस संपला आणि मी शर्यतीत होते. नवरा दोन्ही हात खिशात घालून येरझाऱ्या घालत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच जागा उरली आणि आम्ही तिघं. एका जुन्या पक्षाची शांत, फारशी न बोलणारी बाई. मी. आणि तिसरा, ज्याच्या पत्रकाच्या शेवटी लिहिलं होतं की आपला भाग आता भरला आहे, बाहेरून येणाऱ्यांना इथे जागा नाही.

तिघांत माझी मतं सर्वांत कमी होती. निवडणूक अधिकाऱ्याने माईकवरून माझं नाव वाचलं आणि मी बाद झाल्याचं जाहीर केलं. नवऱ्याने माझा हात धरला. शेजारीण काठीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. ती म्हणाली, "थांब. अजून तुझी मतं वाटायची आहेत."

मग माझे गठ्ठे टेबलावर आणले गेले. ज्या लोकांनी माझ्यापुढे एक लिहिलं होतं आणि ज्यांची मतं वाटेत माझ्याकडे आली होती, त्यांची पुढची पसंती कोण, ते बघून दोन ढीग होऊ लागले. एक त्या बाईचा आणि एक त्याचा. कोणालाच पुढची पसंती न देणाऱ्यांचा तिसरा, बाजूला. मला वाटलं होतं, त्याचा ढीग होणारच नाही. झाला. बाईचा मोठा होता, पण त्याचाही वाढत होता. मी कठड्याला धरून वाकले. माझ्या डोळ्यांसमोर एक मतपत्रिका उलगडली. माझ्या फोटोपुढे एक. त्याच्या फोटोपुढे दोन. कोणीतरी नीट, सुवाच्य आकडे काढले होते.

"हे कसं शक्य आहे?" मी नवऱ्याला म्हटलं.

शेवटी ती शांत बाई निवडून आली, आणि ती माझ्याकडून गेलेल्या मतांवर आली. तिने येऊन माझे दोन्ही हात धरले, सिग्नलचं काम हातात घेते म्हणाली. तिने शब्द पाळला. पाहणी झाली आहे, काम अजून सुरू व्हायचं आहे. तो तिसरा उमेदवारही येऊन हस्तांदोलन करून गेला. "तुमच्या भागातून मला चांगली मतं आली," तो म्हणाला. त्याचा हात गरम होता. मी "थँक्यू" म्हटलं, सवयीने, आणि नंतर कितीतरी वेळ तो हात कुठे ठेवावा हे मला कळेना.

त्यानंतर काही दिवस मी सकाळी मुलं सोडायला येणाऱ्या आयांकडे जरा जास्तच बघत होते. ही? की ती? मला लाज वाटायची, पण थांबवता यायचं नाही. त्यातल्या एकीने एके दिवशी आपणहून सांगितलं. तिचा मुलगा जमिनीवर बसून बूट काढत होता.

"मी तुला एक नंबर दिला," ती म्हणाली. "आणि त्याला दोन. त्याने माझ्या वडिलांच्या गल्लीतलं गटार दुरुस्त करून घेतलं होतं. तुला कळलं असेल तर वाईट वाटून घेऊ नकोस."

"त्याचं पत्रक वाचलं होतंस?"

"वाचलं होतं. पण तो तुझ्याबद्दल बोलत नव्हता ना."

"मग कोणाबद्दल?"

ती काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. तिचा चेहरा लाल झाला. मुलाने दुसरा बूट काढला आणि आत पळाला. ती म्हणाली, "मला उशीर होतोय," आणि गेली. संध्याकाळी ती येईल की नाही, मुलाला दुसरीकडे ठेवेल की काय, हे दिवसभर माझ्या डोक्यात होतं. ती आली, नेहमीच्या वेळी. मुलाला कोट घातला, चेन लावली, आणि दारातून परत वळून म्हणाली, "मी दिवसभर विचार करत होते." मी मुलाची राहिलेली टोपी तिच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलाला घेऊन परत आली.